धुवून आणलेली गाडी

मामा, दुपारची वेळ आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही, आणि मी कागद पुढ्यात घेऊन तुमच्याशी बोलायला बसले आहे. तुम्ही असताना हे कधी जमलं नाही. सून सासऱ्यासमोर बसून गप्पा मारते आहे असं आपल्या चौसाळा गावात तेव्हा कुणी पाहिलं असतं, तर आठवडाभर पारावर तोच विषय चालला असता. आता तुम्हाला जाऊनच इतकी वर्षं झाली, की तुमची नात, जी तेव्हा दुकानातल्या रिकाम्या टायरात बसून झोपायची, ती बीडला कॉलेजात जाते आणि मलाच अक्कल शिकवते. तेव्हा लाजायचं तरी कुणाला. गेल्या दिवाळीच्या आधी दुकानात एक गाडी आली होती. तिची सगळी हकीकत तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. घरात सांगून झाली. तुमच्या चिरंजीवांनी ऐकलीसुद्धा, पण ते पडले एसटीतले. टायर डेपोनं बसवायचं आणि आपण पळवायचं, एवढाच त्यांचा टायरशी संबंध. ऐकता ऐकता जांभया द्यायला लागले.

दुकान आता जुन्या जागी नाही. रस्ता मोठा झाला तेव्हा आपलं पत्र्याचं शेड त्यात गेलं आणि दारातला लिंबही गेला. मागं सरकून आपल्याच जागेत पक्कं बांधलं. आत आता चाकांची अलाइनमेंट बघायचं मशीन आहे. गाडी वर चढवायची, चारी चाकांना चिमटे लावायचे, की समोरच्या पडद्यावर कुठलं चाक किती वाकडं आहे ते दिसतं. बरोबर असलं की हिरवं, चुकलं की लाल. तुम्ही पहिल्या दिवशी त्याला नाक मुरडलं असतं आणि दुसऱ्या दिवसापासून कुणाला हात लावू दिला नसता, हे मला पक्कं माहीत आहे. मशीन चांगलं आहे, मामा. त्याच्यावर माझा राग नाही. ते खोटं बोलत नाही. त्याच्यापुढं जे ठेवाल तेवढ्याबद्दल ते खरं सांगतं.

तुमची शिकवायची तऱ्हा मी कुणाला सांगितली तर लोक हसतात. लग्न होऊन आले तेव्हा दुपारची भाकरी दुकानात पोचवायचं काम माझ्याकडं होतं. डबा ठेवायचा, पदर सावरायचा, बाजूला उभं राहायचं, तुमचं जेवण झालं की डबा घेऊन परत. सुनेशी थेट बोलायचं नाही ही तुमच्या पिढीची रीत, आणि तुम्ही रीतीचे पक्के. पण मी टायरांकडं टक लावून बघते हे तुमच्या ध्यानात आलं असणार. एक दिवस जेवता जेवता तुम्ही समोर पडलेल्या टायरशीच बोलायला लागलात. "काय रं बाबा, तुला मदीच कावून खाल्लंय? कडंला तर नवा हायेस. लई हवा भरली व्हती व्हय तुझ्यात?" मी दचकले. मला वाटलं, मामांना ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी दुसरं टायर. "तुला दोन्ही कडंनी खाल्लंय. म्हंजी हवा कमी आन वझं जास्त." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की हे टायरला नाही, मला चाललंय. मग मीही टायरलाच विचारायला लागले. "आन एकाच कडंनं खाल्लं तर?" असं मी टायरकडं बघून विचारायचे आणि तुम्ही टायरकडं बघून उत्तर द्यायचात. सासूबाई एकदा अचानक दुकानात आल्या, हा प्रकार बघितला आणि घरी येऊन पोट धरधरून हसल्या.

घरीसुद्धा तेच. चुलीपुढं मी भाकरी करते आहे, तुम्ही पलीकडं ताटावर बसला आहात, आणि माझी भाकरी रोज एकाच अंगानं करपते. सासूबाई म्हणतात, पीठ नीट मळत नाही. तुम्ही भाकरी उचलता, उजेडाला धरता, आणि तिलाच म्हणता, "तुजी काय चूक न्हाई बाई. तवा एका दगडावर खाली बसलाय." सासूबाई उठतात, चुलीत बघतात, तर खरंच एक दगड खचलेला. ती भाकरी मी आजही विसरले नाही, कारण त्या घरात माझ्या बाजूनं बोललं गेलेलं ते पहिलं वाक्य होतं, मग ते भाकरीला सांगितलेलं का असेना. पुढं थंडीत मी दुकानात कुडकुडत टायर घासत होते, तर तुम्ही गाडी उचलायच्या जॅकला म्हणालात, "खुटीला माजा खाकी शर्ट हाय, कुनाला घालायचा तर घाला." साडीवर तुमचा तो ढगळ शर्ट चढवला आणि मी या धंद्यातली झाले. तो शर्ट कधीच विरला. आता मी माझ्या मापाचे शिवून घेते, पण रंग तोच.

थेट माझ्यावर तुम्ही एकदाच ओरडलात. दूधवाल्याची जीप आली होती. मी टायरवरून तळहात फिरवला, बाहेरून आत गुळगुळीत, आतून बाहेर करवतीसारखं, आणि चार माणसांत रुबाबात सांगून टाकलं की चाकं वाकडी झाली आहेत. तुम्ही हातातली टामी, ती लोखंडी पहार, खाली टाकलीत. "त्याला आदी इचार की! गाडी कुटं जाती, काय घिऊन जाती. बसली लगीच निकाल द्यायला. कोर्टात हायेस का तू?" संध्याकाळी चुलीपुढं बसून मी रडले. मग रडता रडता लक्षात आलं की मामा आज टायरला नाही, मला बोलले. दोन भाकरी जास्त खाल्ल्या त्या दिवशी.

आता ती गाडी. जुनी, उंच, बीडच्या एका डॉक्टरांनी वापरून विकलेली. तुमच्या वेळी अशा आपल्याकडं येत नव्हत्या. हिच्यात इंजिनाची ताकद पुढच्या नाही, मागच्या नाही, चारी चाकांना एकदम जाते, आणि सदा जाते. चिखलात, ओढ्यात, डोंगराच्या वाटेला चारी पायांवर चढते. घेतली होती एका धनगर काकांनी. दिवाळी झाली की हे लोक मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरतात, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतात, आणि पाऊस तोंडावर आला की परत डोंगराला. पूर्वी सगळं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असायचं. घोडं म्हातारं होऊन गेलं आणि त्याच्या जागी काकांनी ही गाडी आणली.

गाडी पहिल्यांदा आली तेव्हाची गोष्ट. मागचं डावं टायर आतल्या कडेनं पार तारेपर्यंत खाल्लेलं, बाहेरून बघाल तर चांगलं. बाकीची तीन ठीक. मी तुमचं ऐकलं बरं का, आधी विचारलं. "काका, गाडी कुठं जाते? काय नेता तिच्यातून?" काका म्हणाले, "काय न्हाई ताई. आमी दोघंच नवरा-बायकू. हेच आपलं जानं-येनं." गाडी इतकी स्वच्छ होती की माझ्या मशीनचा चिमटा त्यापुढं मळका दिसत होता. आतून साबणाच्या पावडरीचा वास. मी मनात म्हटलं, गाडी ठेवावी तर अशी. मशीनवर चढवली, थोडी चूक होती ती काढली, चारी चाकं हिरवी झाली. जॅकवर उचलून हलवून बघितली, काही सैल नाही. काकांनी त्या एका चाकाला नवं टायर घातलं आणि गेले. काही महिन्यांत परत आले. नवं टायर आतून पुन्हा खाल्लेलं. पुन्हा मशीन, पुन्हा हिरवं. पुन्हा एकच नवं टायर. मी तेव्हाच म्हटलं होतं की या गाडीला एकेक टायर चालायचं नाही, तर काका म्हणाले, "एक बैल म्हातारा झाला म्हनून चारी कुनी बदलतं का ताई?" आपल्याकडं सगळ्यांची हीच रीत, लागेल तसं एकेक. ट्रॅक्टरला चालतं, जीपला चालतं. मीही मग फार ताणलं नाही.

तिसऱ्या वेळी, दिवाळीच्या आधी, काकांबरोबर मावशी पण आल्या. काकांचा चेहरा उतरलेला. गाडी आता वळणावर हिसके देत होती, जणू कुणी मागून धरून ठेवतंय, आणि त्याहून वाईट म्हणजे गेवराईच्या पुढं ते डावं टायर फुटलं होतं. गाडीत मावशी होत्या. गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन बाभळीला अडकली म्हणून निभावलं, आणि तिथंच कुठून तरी पुन्हा एक नवं टायर घालून ते आले होते. काका म्हणाले, "ताई, कारन घावलं तर बगा. न्हाई तर औंदा म्या हिला संगं न्हेत न्हाई. गावात ऱ्हाईल. म्या आन पुतन्या जाऊ मेंढरं घिऊन." काका चहा सांगायला टपरीवर गेले, तेव्हा मावशी माझ्या शेजारी बाकड्यावर बसून गुडघे चोळत म्हणाल्या, "माजं लगीन झालं तवापास्नं म्या एकबी थंडी छपराखाली काडली न्हाई. आता गुडघ्यानं चालनं व्हईना, म्हनून गाडी. गाडी न्हाई तर म्या घरात बसून काय करू? भिताडाशी बोलू? मेंढरू व्यायला झालं की त्याला माजा हात लागतो. ह्यांना काय समजतंय त्यातलं." मग थोड्या वेळानं, खाली बघत, "आन त्यांना माझ्याबिगर जेवाय जात न्हाई. त्ये सांगायचे न्हाईत." मामा, टायरं मी हजारो बघितली असतील, पण एखाद्या टायराचं कारण सापडलं नाही तर कुणाचा संसार दोन गावांत वाटला जाईल, असं आधी कधी माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

पुन्हा मशीन. पुन्हा सगळं हिरवं. मला रडू यायचं बाकी होतं. मग एक काम केलं, ब्लाउज शिवायची मोजपट्टी घेतली आणि चारी टायरांचा घेर मोजला. नवं ते मोठं, झिजलेली तीन लहान. हिसक्यांचं कारण तर कळलं. ही चारी चाकं आतून एकमेकांना बांधलेली, एकाचा घेर वेगळा झाला की सरळ रस्त्यावरसुद्धा त्यांची ओढाताण चालते, वळणावर तर विचारूच नका. काकांना समजावलं, "काका, चार बैल एकाच जुवाला आहेत तुमचे." ते त्यांना पटलं. पण मुळातलं राहिलंच. ते एकच टायर आतून कोण खातंय?

गाडीत शिरून मागच्या बाजूला हात घालून चाचपत होते. सीटच्या फटीत काहीतरी बारीक, टणक लागलं. बाहेर काढून बघते तर सुकलेली लेंडी. आणि तिच्यामागं लोकरीचा एक पुंजका. मी ती हातावर घेऊन मावशींना विचारलं, "मावशी, मेंढरं बसतात का गाडीत?" मावशींनी कपाळाला हात लावला. तोंड लाल झालं. काका चहा घेऊन येत होते, त्यांच्यावर तिथूनच, "म्या म्हनलं व्हतं ना, शीट उचलून धुवा! म्हनलं व्हतं का न्हाई? आता गेली का आब्रू?" काकांच्या हातातला चहा सांडला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गाडीतून काय जात नव्हतं, मामा! पाण्याचं मोठं पिंप, पेंड, चूल, भांडीकुंडी, रात्री मेंढरं कोंडायची जाळी, जिला ते वाघर म्हणतात, व्यालेली मेंढी, तिची पिल्लं, पाय मोडलेलं एखादं कोकरू, आणि सगळ्यांत पुढं मावशी. दुकानाला यायचं म्हटलं की आदल्या दिवशी हे सगळं उतरवायचं, मावशींनी बसून गाडी धुवायची, वाळवायची, मगच आणायची. "तुमच्या दारात घान घिऊन कसं यावं ताई? मागं एका ठिकानी लोक नाकाला रुमाल लावून हुबं ऱ्हायलते." म्हणजे माझा मान राखायला म्हणून ते मला दर वेळी दुसरीच गाडी दाखवत होते. आणि मी त्या स्वच्छतेचं कौतुक करत बसले होते.

मी म्हटलं, "मावशी, उद्या सकाळी गाडी आणायची. धुवायची नाही. झाडायचीसुद्धा नाही. जशी गोदेला निघते तशीच, सगळ्या सामानासकट, मेंढरासकट, तुमच्यासकट." मावशी म्हणाल्या, "लोक हसतील." मी म्हटलं, हसू द्या.

आणि आली की हो! दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फरशी घातलेल्या दुकानात भरलेलं पिंप डुचमळतंय, जाळीच्या गुंडाळ्यावर चूल बांधलेली, मागं एक मेंढी आणि तिची दोन पिल्लं, पुढं मावशी डोक्यावर पदर घेऊन अगदी नव्या नवरीसारख्या ताठ. मागं रांगेत ट्रक लावून उभा असलेला ड्रायव्हर आपल्या क्लीनरला ओरडला, "काय बे, मेंढरांचा बाजार इथं कदीपासून भराय लागला?" मेंढीनं त्याच वेळी माझ्या मशीनसमोर मूत सोडलं. मावशींनी डोळे मिटून घेतले. मला हसू आवरेना. कपाटातून खडू काढला. मशीन यायच्या आधी तुम्ही करत होता तेच केलं, मागच्या दोन्ही टायरांवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी जाड रेघ ओढली आणि काकांना म्हटलं, सावकाश पुलापर्यंत जा आणि या. परत आले. उजव्या टायरवरची रेघ सगळीकडून सारखी पुसट. डाव्या टायरवर आतल्या बाजूला रेघेचा मागमूस नाही आणि बाहेरच्या कडेला जशीच्या तशी पांढरीफटक. मावशीसुद्धा खाली उतरून बघायला आल्या. त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. म्हणाल्या, "ह्यो आतल्या अंगावर चालतोय की. लंगडतंय मेंढरू."

आता मशीनला विचारलं, भरल्या गाडीचं. मागचं डावं लालभडक. खाली शिरले, टामी लावून बघितलं. मागच्या चाकाला जागेवर धरून ठेवणारा जो दांडा असतो, त्याच्या टोकाचं रबरी बुश आतून फाटलेलं. गाडी रिकामी असली की दांडा आपला गुमान बरोबर जागेवर बसतो, काही ओळख देत नाही. वजन पडलं, त्यातून पिंप नेमकं डाव्या अंगाला, की दांडा सरकतो आणि चाकाचं तोंड बाहेरच्या बाजूला फिरतं. मग ते चाक सरळ लोळत नाही, गोदेपर्यंत खरडत जातं. मी गाडीखालीच पडून होते आणि एकटीच मोठ्यानं त्या बुशला म्हणाले, "सापडलास का शेवटी!" बाहेरून काकांचा आवाज आला, "कुनाशी बोलताव ताई?" मी म्हटलं, कुणाशी नाही.

पुढचं आता थोडक्यात सांगते, नाहीतर तुम्हीही जांभई द्याल. इतक्या जुन्या गाडीचे बुश मिळता मिळेनात. शेवटी तुमच्या चिरंजीवांनीच, सुट्टीच्या दिवशी, डेपोतल्या ओळखीपाळखी काढत सारं बीड पालथं घातलं आणि आणले. एवढं त्यांच्या बाजूनं लिहिलंच पाहिजे. दोन्ही बाजूंचे बदलले. टायरांसाठी मी स्वतः बीडच्या भंगारवाल्याकडं मोजपट्टी घेऊन गेले. जी तीन होती त्यांच्याच मापाचं, त्यांच्याइतकंच झिजलेलं चौथं शोधायचं होतं. भंगारवाला म्हणाला, बाई, टायर घ्यायला आलात का ब्लाउज शिवायला? पण मिळालं. नवं टायर काकांच्या स्टेपनीला ठेवलं आणि बजावलं, की ते फक्त अडचणीला, चार कोस जाऊन लगेच काढायचं. पिंप डाव्या अंगाचं मधे घेतलं, दोरीनं बांधलं. आणि भरल्या गाडीवरच अलाइनमेंट लावली. तशी लावताना मेंढी माझ्या खांद्यावरून पडद्याकडं बघत होती, हे मी वाढवून सांगत नाही.

तपासायला कुठं जायचं, तर वळणं पाहिजेत आणि चढ-उतार पाहिजे. मी म्हटलं, कपिलधारच्या देवळाला. मावशी लगेच म्हणाल्या, देवाचंबी व्हईल. पण काका मावशींना बसू देईनात. "तू हितंच ऱ्हा. आदी आमी बगून येतो." मावशी तिथंच उभ्या, एक हात दारावर. मी म्हटलं, "काका, त्या बसल्याशिवाय वजन पुरं होत नाही. जशी चालते तशीच बघायची." हे खरं होतं आणि थोडं लबाडीचंही. काका मान हलवत स्टिअरिंगवर जाऊन बसले. मग मावशी बसल्या. मी मागं मेंढीच्या शेजारी, एक कोकरू मांडीवर. काका आधी इतकं हळू चालवत होते की सायकलवाला पुढं गेला. डोंगराच्या वळणावर मी कान टवकारून बसले होते. पहिलं वळण, हिसका नाही. दुसरं, नाही. तिसऱ्याला काकांनी स्वतःहून वेग थोडा वाढवला. देवळाजवळच्या धबधब्याला पाणी अजून बऱ्यापैकी होतं, आवाज लांबूनच येत होता.

खाली सपाटीला गाडी थांबवली. चाकांच्या मधल्या भागाला हात लावून बघितला, कुठं चटका नाही, सगळी सारखीच कोमट. मग मी खडू काढला आणि मावशींच्या हातात दिला. "तुम्ही ओढा." मावशी गुडघ्यावर हात ठेवून कष्टानं वाकल्या आणि देवापुढं रांगोळी काढावी तशा जिवापाड मन लावून डाव्या टायरवर रेघ ओढली. काका गाडी सावकाश पुढं घेऊन गेले, वळवून परत आले. मावशी पुन्हा वाकल्या. रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी पुसट झाली होती. मावशींनी तिच्यावरून बोट फिरवलं, आतून बाहेर, बाहेरून आत. "समदीकडनं सारकीच गेली की वो," म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. काका खाली उतरले, बसून टायराकडं बघत राहिले, मग उठले आणि जाऊन पुढच्या सीटचं दार उघडून धरलं. मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आता उगडताव व्हय दार! इतक्या वर्सात पैल्यांदा." मामा, मी कोकराच्या अंगावर तोंड लपवून हसत होते की रडत होते, मला सांगता यायचं नाही. मला फार फार बरं वाटलं. या धंद्यात असं बरं रोज वाटत नाही.

दिवाळी झाली आणि ते निघाले. मेंढरं पुतण्याबरोबर आडवाटेनं आधीच गेली होती. गाडी दुकानापुढं थांबली, भरलेली, न धुतलेली, वासासकट. मावशींनी मला खरवसाचा डबा दिला आणि खिडकीतून माझ्या गालावरून हात फिरवला. शेजारच्या हॉटेलातला माणूस नाकाला फडकं लावायला लागला तर मावशी त्याच्याकडं बघून खुशाल हसल्या. मी चारी टायरांवरून हात फिरवला, हवा बघितली, आणि काकांना म्हटलं, पावसाच्या आधी परत याल तेव्हा घरी जायच्या आधी गाडी मला दाखवूनच जा. काकांच्या कपाळाला आठी पडली. "कावून ताई? काय ऱ्हायलंय का?" मी म्हटलं, राहिलं काही नाही, पण एकदा नजरेखालून घालावी लागते, जुनी गाडी आहे. त्यांनी मान डोलावली. ते येतील, बोलल्याला पक्का माणूस आहे.

आता उन्हं कलली आहेत, एक ट्रॅक्टर वळतोय दुकानाकडं, उठावं लागेल. हा कागद कुठं टाकायचा नाही, घडी घालून कपाटात ठेवीन. पण तुम्हाला खोटं सांगून उठणं बरं नव्हे. तुम्ही टायर हातात न घेताच ओळखलं असतं. त्या गाडीत बघण्यासारखं काहीही राहिलेलं नाही, मामा. चारी चाकं अगदी बरोबर आहेत आणि वर्ष दोन वर्षं तरी तिला माझी गरज पडायची नाही. मलाच मावशींना एकदा बघायचंय, की त्या त्याच सीटवर बसून परत आल्या.